खान्देशातून परदेशात नर्सिंगला जायचंय? आधी कागद, मग भाषा, मग देश

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ), जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) किंवा बीएस्सी यांपैकी काहीही केलेलं असलं तरी गावात सगळे 'नर्सिंग झालंय' एवढंच म्हणतात. परदेशी कौन्सिलकडे, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे, अर्ज गेला की मात्र तिघींचे रस्ते वेगळे होतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच मुली आणि मुलं आधी देश ठरवतात, मग एजंट गाठतात आणि शेवटी आपली पदविका तिथे चालते का ते बघतात. हा क्रम उलटा करायला हवा. तुमचं शिक्षण, कागदपत्रं आणि अनुभव यांवरून देश बऱ्याच अंशी आपोआप ठरतो. पगाराची तुलना त्यानंतर.

कोणत्या शिक्षणावर कुठे जाता येतं

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बारावी कोणत्याही शाखेतून करून होतो. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात या नर्सेसवर किती भार असतो, ते सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना सांगायला नको. तरीही यूके, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा जर्मनीत एएनएमवर नोंदणीकृत नर्स होता येत नाही. एजंट 'एएनएम चालतं' म्हणाला तर पदाचं नाव लेखी मागा. बहुतेक वेळा ते केअरगिव्हरचं किंवा मदतनिसाचं काम निघतं. केअरगिव्हरचं काम कमी प्रतीचं नाही, पण त्याचा व्हिसा, पगार आणि पुढची वाट वेगळी असते. जपानमध्ये 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' योजनेत केअरगिव्हर म्हणून जाता येतं. त्यासाठी जपानी भाषेची परीक्षा, केअरमधल्या जपानीची वेगळी चाचणी आणि केअर कौशल्याची चाचणी द्यावी लागते. यूकेने मात्र २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणं बंद केलं. ती जागा 'अजून मिळते' असं कुणी सांगत असेल तर तिथूनच उठा.

जीएनएम तीन वर्षांचं आहे. यूकेसाठी आणि जर्मनीतल्या मान्यतेसाठी जीएनएमवर अर्ज करता येतो. आखातात मात्र फरक पडतो. सौदीत पदविकाधारक नर्सिंग टेक्निशियनच्या वर्गात जातात आणि बीएस्सीवाले स्पेशालिस्टच्या वर्गात. पगाराची पायरी त्यावरूनच ठरते. यूएईत नोंदणीकृत नर्सच्या परवान्यासाठी पदवी मागतात, त्यामुळे जीएनएमवर तिकडे जाणाऱ्याने आपल्याला कोणत्या पदनामाचा परवाना मिळेल ते आधी पाहावं. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलं तर ही अडचण बरीचशी संपते. घरची परिस्थिती थोडी जरी साथ देत असेल तर आम्ही हाच सल्ला देऊ.

बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. महाराष्ट्रात या प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. सगळ्यात जास्त दारं या पदवीनेच उघडतात.

कॉलेज घेताना दोन याद्या तपासा: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलची. नाव दोन्हींत हवं, आणि तुमच्या प्रवेशवर्षासाठी हवं. एखाद्या वर्षी मान्यता थांबलेली असते आणि ते कळतं पाच-सहा वर्षांनी, परदेशी पडताळणीच्या वेळी. प्रवेशाआधी कॉलेजला आणखी एक विचारा: क्लिनिकलला मुलांना कोणत्या हॉस्पिटलात नेता, आणि तिथे बेड किती? परदेशी संस्था ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या अधिकृत तपशीलपत्रात, विषयवार थिअरीचे आणि वॉर्डमधले तास बघतात. बालरोग, मानसोपचार, प्रसूती, समाज आरोग्य यांपैकी कुठले तास कमी असतील तर जर्मनी किंवा आयर्लंड त्यावर बोट ठेवतात.

नाव, जन्मतारीख आणि नाशिकच्या फेऱ्या

अर्ज अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण परीक्षेतलं अपयश नसतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं आणि कौन्सिलच्या नोंदणीवर तिसरं, हे असतं. आपल्याकडे ते तीन प्रकारे होतं.

पहिला प्रकार स्पेलिंगचा. वळवी, वसावे ही नावं इंग्रजीत एका कागदावर 'व्ही'ने आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू'ने लिहिलेली असतात. दुसरा लग्नाचा. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, पण मार्कशीट माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. तिसरा जन्मतारखेचा. शाळेत घालताना अंदाजाने लावलेली तारीख एक आणि जन्मनोंदीतली दुसरी.

सोपा नियम हा: दहावीचं प्रमाणपत्र हाच पाया धरा. पासपोर्ट, आधार, पॅन आणि कौन्सिलची नोंदणी त्याच्याशी अक्षरशः जुळवा. लग्न झालेलं असलं तरी पासपोर्ट माहेरच्या नावावर ठेवता येतो, जोडीदाराचं नाव वेगळ्या रकान्यात जातं. नाव आधीच बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र दोन्ही जवळ हवीत. पासपोर्ट सगळ्यात आधी काढा, कारण आयईएल्टीएस आणि ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांना ओळखपत्र म्हणून तोच लागतो आणि त्यावरचं नावच निकालावर येतं.

आपल्या भागाची एक सोय म्हणजे बरीच कामं नाशिकलाच होतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या दहावी-बारावीच्या दुय्यम प्रती नाशिक विभागीय मंडळाकडून मिळतात आणि बीएस्सीचं ट्रान्सक्रिप्ट व पदवी प्रमाणपत्र नाशिकच्याच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून. दोन्ही कामं एका फेरीत लावा. प्रोव्हिजनल प्रमाणपत्रावर थांबू नका, पदवी प्रमाणपत्रासाठी वेळेत अर्ज करा. जीएनएमवाल्यांची परीक्षा राज्याचं नर्सिंग व पॅरामेडिकल शिक्षण मंडळ घेतं. ते मंडळ आणि नर्सिंग कौन्सिल मुंबईला आहेत.

ट्रान्सक्रिप्टच्या एकदम तीन-चार सीलबंद प्रती घ्या. परदेशी संस्था बहुतेक वेळा तुमच्या हातची प्रत घेतच नाही, कॉलेज, विद्यापीठ किंवा कौन्सिलने ती थेट पाठवायची असते. म्हणून प्राचार्यांच्या कार्यालयातल्या ज्या लिपिकाकडे हे काम आहे त्यांना फॉर्म नीट समजावून द्या, कुठे सही, कुठे शिक्का, कोणता ईमेल हे पेन्सिलने खुणा करून. रिकामा रकाना राहिला म्हणून परत आलेला फॉर्म दोन महिने खातो.

पास झाल्याबरोबर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी करा. परदेशी पडताळणीत अनुभव नोंदणीच्या तारखेपासून धरतात. 'निकाल लागला, नोकरी लागली, नोंदणी नंतर बघू' असं म्हणणाऱ्यांचं अख्खं वर्ष वाया जातं.

अनुभव कुठे घ्यायचा

तालुक्याच्या गावात पंधरा-वीस बेडच्या हॉस्पिटलात काम खूप शिकायला मिळतं. पण परदेशी मालकाला हवा असतो पडताळता येणारा अनुभव. आखातासाठी सहसा दोन वर्षं मागतात, आणि मोठ्या हॉस्पिटलातली. आयसीयू, एनआयसीयू, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस आणि इमर्जन्सी या विभागांना मागणी असते. जनरल वॉर्डपेक्षा त्यातल्या एका विभागात सलग राहणं फायद्याचं. दर चार महिन्यांनी विभाग बदलत राहिलात तर कशाचाच अनुभव धरला जात नाही.

अनुभवपत्रात काय हवं ते बहुतेकांना शेवटच्या दिवशी कळतं. लेटरहेड, हॉस्पिटलचे बेड, तुमचं पद, विभाग, नेमकी रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, सही करणाऱ्याचं नाव, पद, फोन आणि हॉस्पिटलच्या स्वतःच्या डोमेनचा ईमेल. डॉक्टरांचा खासगी मेल-आयडी असला की पडताळणी रेंगाळते. नेमणूकपत्र, बँकेत जमा झालेला पगार आणि पीएफच्या नोंदी यांनी पत्राला आधार मिळतो. रोख पगार घेत असाल तर तो आजच बँकेत सुरू करून घ्या.

आणि खोटा अनुभव कधीही दाखवू नका. आखातातल्या बहुतेक परवान्यांसाठी डेटाफ्लो नावाची मूळ-स्रोत पडताळणी होते, म्हणजे ते थेट कॉलेजला, कौन्सिलला आणि हॉस्पिटलला विचारतात. तिथे 'नकारात्मक' शेरा पडला की तो दुसऱ्या देशाच्या अर्जातही आडवा येतो. एक वर्ष कमी असलेला खरा अनुभव भरून काढता येतो, पण खोटं पत्र पुसता येत नाही. कामात दोन वर्षांपेक्षा मोठा खंड असेल तर बरेच परवाने अडतात. बाळंतपणानंतर परत रुजू होण्याचं त्या हिशोबाने ठरवा.

इंग्रजी

मराठी माध्यमातून आलेल्यांना वाटतं की बोलणं अडेल. प्रत्यक्षात गुण जातात लेखनात. यूकेसाठी आयईएल्टीएस अॅकॅडमिकमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ लागतात. जनरल ट्रेनिंगची परीक्षा चालत नाही. ही चूक अजूनही होते आणि सतरा-अठरा हजारांची फी जाते. ओईटीची फी तीस हजारांच्या वर आहे, पण ती आरोग्यक्षेत्राच्या इंग्रजीची परीक्षा आहे: लेखनात केसनोट्सवरून पत्र लिहायचं, बोलण्यात रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी दोन संवाद करायचे. यूकेला तिथे ऐकणं, वाचणं, बोलणं यांत बी आणि लेखनात सी-प्लस पुरतं. वॉर्डमध्ये काम करणाऱ्या नर्सला ओईटी बहुतेक वेळा सोपी जाते. निबंधापेक्षा डिस्चार्जचं पत्र आपल्या हातातलं असतं.

ओईटीच्या पत्रात गुण जाण्याची कारणं ठरलेली आहेत: केसनोट्समधलं सगळं उतरवणं, पत्र का लिहितोय ते पहिल्या परिच्छेदात न सांगणं, आणि वाचणाऱ्याला गरज नसलेला जुना इतिहास ओतणं. समाज आरोग्य नर्सला पत्र असेल तर जखमेचं ड्रेसिंग आणि औषधांच्या वेळा हव्यात, दहा वर्षांपूर्वीचं अपेंडिक्स नको. तयारीसाठी रोजच्या ड्युटीनंतर एका रुग्णाचा हँडओव्हर (पुढच्या पाळीला द्यायची माहिती) इंग्रजीत लिहा, १८० ते २०० शब्दांत. तीन महिन्यांत फरक दिसतो. एका बैठकीत सगळे गुण जमले नाहीत तर १२ महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे निकाल यूके एकत्र धरतं, त्यासाठी प्रत्येक भागाला किमान गुणांची अट आहे.

आखात

इथे परीक्षा तुलनेने लवकर होते आणि बरेच मालक राहणं, तिकीट देतात, त्यामुळे पैसा वाचतो. कायमचं स्थायिक होणं मात्र नाही, करार संपला की परतायचं. सौदीसाठी सौदी कमिशन फॉर हेल्थ स्पेशालिटीज, दुबईसाठी डीएचए (दुबई हेल्थ अथॉरिटी), अबू धाबीसाठी डीओएच (तिथला आरोग्य विभाग), यूएईच्या इतर अमिरातींसाठी तिथलं आरोग्य मंत्रालय असे परवाने वेगवेगळे आहेत. क्रम साधारण असा: पात्रता तपासणं, डेटाफ्लो, संगणकावरची बहुपर्यायी परीक्षा, मग परवाना आणि करार. कागद राज्याचं मंत्रालय, परराष्ट्र खातं आणि दूतावास यांच्याकडून साक्षांकित करावे लागतात. सौदी डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल (दूतावासाशिवाय चालणारा परराष्ट्र खात्याचा शिक्का) मान्य करतं, यूएईसाठी दूतावासाची पायरी लागते. सौदीच्या सरकारी भरतीत बऱ्याचदा फक्त महिला घेतात, ब्रदर्सनी (पुरुष नर्सेसनी) जाहिरातीतली ती ओळ आधी वाचावी.

आखाताच्या मेडिकलची नोंद वाफिद या संकेतस्थळावर होते. तिथे छातीच्या एक्स-रेवर जुन्या टीबीचा डाग दिसला तरी 'अनफिट' होऊ शकतं, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्हीही तपासतात. लहानपणी टीबीचे उपचार झालेले असतील तर पैसे भरण्याआधी खासगीत एक्स-रे काढून पाहा. यूकेच्या व्हिसालाही टीबीची तपासणी लागते, पण तिथे जुना डाग म्हणजे थेट नकार होत नाही.

यूके

यूकेच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची परीक्षा दोन टप्प्यांत आहे. सीबीटी ही संगणकावरची परीक्षा भारतात देता येते, फी ८३ पाउंड. ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा तिथे जाऊन द्यायची, फी ७९४ पाउंड, आणि ती बरेचसे मालक भरतात.

सीबीटीच्या पहिल्या भागात ३० मिनिटांत १५ गणितं, दुसऱ्यात अडीच तासांत १०० प्रश्न. हुशार नर्ससुद्धा गणितात अडखळते, कारण वॉर्डमध्ये आपण थेंब नजरेने लावतो. रोज पाच गणितं कागदावर करा. उदाहरणार्थ, ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं, सेटला १ मिलीचे २० थेंब: ५०० गुणिले २०, म्हणजे १०,०००, भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४१.६७, मिनिटाला ४२ थेंब. दुसरं: १८ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे २७० मिलिग्रॅम. तिथलं सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं असतं, म्हणून ११.२५ मिली. आपल्याकडे ते १२५ किंवा २५० चं असतं आणि सवयीने तोच आकडा डोक्यात येतो. प्रश्नातली ताकद वाचल्याशिवाय पेन उचलू नका. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅममधलं हजाराचं अंतर हीदेखील नेहमीची चूक.

ओएससीईत दहा स्थानकं असतात: रुग्णाचं मूल्यमापन, नियोजन, अंमलबजावणी, आढावा, चार कौशल्यं, आणि दोन न बोलता लिहायची. तिथे नापास होणाऱ्यांना काम येत नसतं असं नाही. हात धुणं, रुग्णाचं नाव व जन्मतारीख विचारून मनगटपट्टीशी जुळवणं, अॅलर्जी विचारणं, संमती घेणं, आणि जे करतोय ते तोंडाने सांगणं, यातलं काहीतरी सुटतं. आपल्याकडे गर्दीच्या वॉर्डात 'काकू, हात द्या' म्हणून इंजेक्शन दिलं जातं, ती सवय तिथे महागात पडते. निघण्याच्या सहा महिने आधीपासून इथल्याच वॉर्डात प्रत्येक औषधाआधी नाव, जन्मतारीख, अॅलर्जी विचारायला लागा. नातेवाईक हसतील, हसू द्या. एका अर्जावर तीन प्रयत्न मिळतात.

पगार: इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, बँड ५ ची (नव्या नर्सच्या पगारश्रेणीची) सुरुवात २०२५-२६ मध्ये वर्षाला ३१,०४९ पाउंड होती. कर, विमा आणि पेन्शन कापून महिन्याला हातात साधारण दोन हजार पाउंड येतात. लंडनबाहेर एका खोलीचं भाडंच यातला मोठा हिस्सा घेतं. शिवाय २०२४ पासून बाहेरून होणारी भरती बरीच आटली आहे. सीबीटी पास असूनही नोकरीचं पत्र न आलेल्या नर्सेस आज आहेत. म्हणून फक्त यूकेवर भिस्त ठेवू नका. ओईटी किंवा आयईएल्टीएसचा निकाल न्यूझीलंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलियालाही उपयोगी पडतो, त्यांचे गुणांचे निकष तेवढे पाहून घ्या. आयर्लंडमध्ये कौन्सिलचं निर्णयपत्र आल्यावर अॅप्टिट्यूड टेस्ट किंवा हॉस्पिटलातला जुळवणीचा काळ यांतलं एक करावं लागतं.

जर्मनी

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्या जिल्ह्यांत जर्मनीची चर्चा वाढली. जर्मनीला नर्सेस खरोखर हव्या आहेत. पण तिथला खरा अडसर एकच आहे, भाषा. नर्सचा पूर्ण परवाना मिळायला जवळजवळ सगळ्या राज्यांत जर्मनची बी-२ पातळी लागते (सुरुवात ए-१ पासून, मग ए-२, बी-१, बी-२). ए-१ पासून बी-२ पर्यंत पूर्णवेळ अभ्यास केला तर वर्ष-सव्वा वर्ष, नोकरी करत केला तर दीड-दोन वर्षं धरा. 'सहा महिन्यांत बी-२' या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

ग्योटे इन्स्टिट्यूटची केंद्रं पुणे आणि मुंबईला आहेत. वर्ग ऑनलाइन करता येतात, परीक्षेला जावं लागतं. बी-१ आणि बी-२ च्या परीक्षेचे चार भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, आणि जो भाग राहील तेवढाच परत देता येतो. बहुतेकांचा श्रवण राहतो. परीक्षेच्या जागा लवकर भरतात, म्हणून शिकवणी संपण्याची वाट न पाहता तारखेवर नजर ठेवा. आपल्याला एक गोष्ट सोपी जाते: नपुंसकलिंग. 'ते मूल' म्हणणाऱ्याला 'डास किंड' नवीन नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला तीन लिंगं पचायला वेळ लागतो, म्हणून नोट्स मराठीत काढा.

भाषेसोबत मान्यतेचा अर्ज सुरू होतो. तो ज्या राज्यात नोकरी असेल तिथल्या कार्यालयाकडे जातो. ते तुमचे तास तिथल्या अभ्यासक्रमाशी ताडून बघतात आणि काय कमी आहे याचं पत्र देतात. ते पत्र म्हणजे नकार नव्हे, भारतीय नर्सेसना ते बहुधा येतंच. त्यानंतर दोन पर्याय: हॉस्पिटलातला जुळवणीचा अभ्यासक्रम, किंवा ज्ञानपरीक्षा. वॉर्डात शिकणारी असाल तर पहिला घ्या, तो लांब असला तरी नापासाची भीती कमी. मान्यता मिळेपर्यंत सहायकाचा पगार असतो, करारात दोन्ही पगार वेगळे लिहिलेले आहेत का ते बघा.

कामाचं स्वरूप आधीच समजून घ्या. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं नातेवाईक करतात. तिथे ते नर्सचं काम आहे. उलट सलाइनची सुई लावणं, रक्त काढणं ही तिथे परंपरेने डॉक्टरांची कामं. आयसीयूत हात बसलेल्या नर्सला पहिले काही महिने यामुळे फार जड जातात. हे माहीत असूनही जाणाऱ्या टिकतात, न कळता गेलेल्या परततात.

बारावी किंवा एएनएम झालेल्यांसाठी जर्मनीत 'आउसबिल्डुंग' आहे: तीन वर्षांचं नर्सिंगचं शिक्षण, २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामात. फी बहुधा नसते, उलट महिन्याला हजार-बाराशे युरोंच्या वर विद्यावेतन मिळतं. ऐकायला फार छान वाटतं आणि ज्यांची भाषा पक्की आहे त्यांच्यासाठी आहेही. पण शिकवणं, परीक्षा, रुग्णाशी बोलणं सगळं जर्मनमध्ये. बी-१ काठावर पास होऊन गेलेल्यांना पहिल्याच वर्षी शरीरशास्त्राचा पेपर जर्मनमध्ये लिहावा लागतो. आमचं मत: बीएस्सी किंवा जीएनएमला प्रवेश मिळत असेल तर आधी इथे ते पूर्ण करा, मग जा. हातात भारतीय नोंदणी असली की एक देश बंद झाला तर दुसरा उरतो. आउसबिल्डुंगला जायचंच असेल तर बी-२ करूनच निघा.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया

अमेरिकेची एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा मुंबईत देता येते. पाच तास, ८५ ते १५० प्रश्न, फी २०० डॉलर आणि देशाबाहेर देण्याचे १५० डॉलर वेगळे. एप्रिल २०२३ पासून तिच्यात रुग्णाच्या केसवरून निर्णय घ्यायचे प्रश्न आले आहेत. आपल्या नर्सेस 'डॉक्टरांना कळवा' हा पर्याय सवयीने निवडतात आणि तिथे गुण जातात. बहुतेक प्रश्नांत आधी रुग्णाचं मूल्यमापन अपेक्षित असतं. औषधांची नावंही वेगळी, पॅरासिटामॉल तिथे अॅसिटामिनोफेन, अॅड्रिनॅलिन तिथे एपिनेफ्रिन. पण परीक्षा पास झाली म्हणजे जाता येतं असं नाही. नर्सेसच्या इबी-३ व्हिसाची, म्हणजे नोकरीवरून कायम राहण्याच्या परवान्याची, रांग भारतीयांसाठी इतकी मागे आहे की २०२५ मध्ये २०१३ च्या तारखेचे अर्ज चालू होते. अमेरिकेच्या नावाने आज लाखभर रुपये मागणाऱ्याला या तारखेबद्दल विचारा.

एनक्लेक्सचा उपयोग तरीही आहे. ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीत पहिली परीक्षा तीच, दुसरी ओएससीई ऑस्ट्रेलियात, जिची फी ४,००० ऑस्ट्रेलियन डॉलर. आणि एप्रिल २०२५ पासून यूके, आयर्लंड, सिंगापूर अशा काही देशांत नोंदणी होऊन २०१७ पासून १,८०० तास काम केलेल्यांना ऑस्ट्रेलियात या परीक्षांशिवाय अर्ज करता येतो. म्हणजे आधी यूके किंवा आयर्लंड, मग ऑस्ट्रेलिया, हा रस्ता आता कागदावरही मोकळा आहे.

एजंट आणि पैसे

कायद्याने भारतातला परवानाधारक भरती एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, तेही पावतीसह. परवाना क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर टाकून तो चालू आहे का बघा. दुकानाच्या भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र पुरावा नाही. यूकेच्या भरतीत तिथली आचारसंहिता उमेदवाराकडून भरतीची फी घ्यायला मनाई करते. जर्मनीत सरकारी 'ट्रिपल विन' भरती कार्यक्रमात नर्सला फी नसते.

आखातासह १८ देशांत नर्स म्हणून जाताना २०१५ पासून पासपोर्ट ईसीएनआर (एरवी अशा परवानगीची गरज नसलेला) असला तरी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी, लागतो. ज्याला हा टाळायचा असतो तो 'व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देतो' म्हणतो. असं गेलेल्या नर्सला करार नसतो, विमा नसतो आणि पगार थकला तर तक्रार करायला आधार नसतो. क्लिअरन्ससोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचं १० लाखांचं संरक्षण मिळतं, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. इतक्या स्वस्त सुरक्षेवर पाणी सोडू नका.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत. 'फाईल लावण्यासाठी' मागितली तर साक्षांकित प्रती द्या. भाषेचा क्लास फुकट देऊन बॉण्ड लिहून घेणारे असतात. त्यात नोकरी मध्येच सोडली तर किती परत करायचं आणि ती रक्कम दर महिन्याला कमी होते का, ते वाचा. दोन वर्षांनंतरही पूर्ण रक्कम मागणारा बॉण्ड सही करण्यासारखा नाही. शेत गहाण टाकून किंवा केळीच्या पिकावर उचल घेऊन पाच-सात लाख देण्याची वेळ आली तर समजा की रस्ता चुकला. पासपोर्ट, भाषा, परीक्षा, पडताळणी, व्हिसा हा खरा खर्च स्वतः लिहून काढा. तो टप्प्याटप्प्याने येतो आणि चालू पगारातून बराचसा भागतो.

निघण्याआधी

पोलिस क्लिअरन्स पासपोर्टच्या संकेतस्थळावरून मिळतो. तो फार आधी काढू नका, व्हिसाच्या वेळी जुना झाला म्हणून परत काढावा लागतो. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर पत्त्याच्या पुराव्यामुळे गावच्या आणि शहरातल्या दोन्ही ठाण्यांची पडताळणी लागू शकते, त्याला वेळ ठेवा. लसीकरणाचा पुरावा, हिपॅटायटिस बीच्या तीन डोसचा आणि त्यानंतरच्या अँटिबॉडी तपासणीचा, सोबत न्या. करारात पगार, तास, ओव्हरटाइम, राहण्याची सोय, सोडण्याची मुदत आणि नेमका कोणता विभाग हे लिहिलेलं असावं. तोंडी सांगितलेला आयसीयू तिथे गेल्यावर वृद्धाश्रम निघू शकतो.

सगळ्या कागदांचे स्कॅन घरी एका पेन ड्राइव्हमध्ये आणि ईमेलवर ठेवा, आणि घरातल्या एकाला ते उघडता यायला हवेत. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी सीएनईचे (नोंदणीनंतर चालू ठेवायच्या शिक्षणाचे) तास मोजले जातात. परदेशात असतानाही ती संपू देऊ नका. पुढच्या देशाचा अर्ज करताना तिथली संस्था इथल्या कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं, म्हणजे नोंदणी चालू आणि निर्वेध असल्याचं, पत्र मागते, आणि संपलेल्या नोंदणीवर ते निघत नाही.